टँकरभर पाण्यातील चिमूटभर शिसे

दहा हजार लिटरचा टँकर हे मराठवाड्यातील उन्हाळ्याचे ओळखीचे माप आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच शिसे चालते. म्हणजे भरलेल्या टँकरमध्ये जास्तीत जास्त ०.१ ग्रॅम, तांदळाच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाइतके. कॅडमियम या विषारी धातूची मर्यादा तर लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आहे. इतके अल्प धातू ना जिभेला कळतात, ना डोळ्यांना.

सराफ्यातील झारेकरी दुकानांसमोरची धूळ गोळा करून धुतो, तिच्यात पारा घोळवतो आणि विखुरलेले सोने त्या पाऱ्यात एकवटते. पाण्यातील असे अल्प धातू विजेच्या साहाय्याने मोजणाऱ्या ‘अॅनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टामेट्री’ या पद्धतीचे मर्म हेच आहे: आधी गोळा करायचे, मग मोजायचे. पाण्याचा आम्लयुक्त नमुना ढवळत ठेवून त्यातील इलेक्ट्रोडला (वीज पोहोचवणाऱ्या अग्राला) सुमारे उणे १.२ व्होल्ट विभव, म्हणजे विद्युतदाब, दिला, की शिसे व कॅडमियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, इलेक्ट्रॉन स्वीकारून त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचू लागतात. दोन-तीन मिनिटांनी ढवळणे थांबवून विभव हळूहळू धनाकडे नेला जातो आणि साचलेले धातू आपापल्या ठरलेल्या विभवाला पुन्हा विरघळतात. आधी कॅडमियम, नंतर शिसे. पडद्यावर सपाट चाललेली विद्युतधारेची रेषा अचानक उंचावते आणि तितक्याच वेगाने खाली येते. शिखराच्या जागेवरून धातू ओळखायचा, उंचीवरून त्याचे प्रमाण. मिनिटे खर्चून साचवलेले काही क्षणांत सुटते, म्हणूनच एरवी गोंगाटात हरवणारी विद्युतधारा ठळक दिसते.

या साऱ्याचे मूळ चेक रसायनशास्त्रज्ञ यारोस्लाव हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या पोलरोग्राफीत, म्हणजे पाऱ्याच्या थेंबावरचा विभव बदलत विद्युतधारा मोजण्याच्या पद्धतीत आहे. त्यासाठी त्यांना १९५९ चे नोबेल मिळाले. पुढे बराच काळ पाऱ्याच्या थेंबावरच धातू साचवले जात; पण विषारी धातू शोधण्यासाठी विषारी पाराच वापरणे खटकणारे होते. २००० च्या सुमारास आलेल्या बिस्मथ या धातूच्या पातळ थराने ही अडचण बरीच दूर केली.

तरीही निकालाचा भरवसा नमुन्यापासून सुरू होतो, आणि माझ्या मते दुर्लक्ष नेमके तिथेच होते. पितळात थोडे शिसे असू शकते. त्यामुळे बोअरच्या पितळी तोटीत रात्रभर थांबलेले पाणी बाटलीत घेतले, तर आपण बोअरऐवजी तोटीच मोजतो. ते पाणी आधी वाहू द्यावे, बाटली आम्लाने धुतलेली असावी आणि नमुन्यात लगेच नायट्रिक आम्ल टाकावे, नाहीतर शिसे बाटलीच्या भिंतींना चिकटते. गढूळ पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये धातूंना बांधून ठेवतात व शिखर खुजे करतात. म्हणून त्याच नमुन्यात माहीत असलेले शिसे थोडे-थोडे घालून शिखर दर वेळी किती वाढते हे पाहतात, आणि त्या वाढीवरून मूळचे प्रमाण काढतात.