बांगलादेशातील वादग्रस्त निवडणुका आणि भारत–बांगलादेश संबंध

बांगलादेशात २०१४, २०१८ आणि २०२४ साली झालेल्या संसदीय निवडणुका वादग्रस्त ठरल्या. तिन्ही अवामी लीगने जिंकल्या आणि तिन्ही वेळा भारताने निकालाला मान्यता देण्यास वेळ लावला नाही. घरातल्या विरोधकांनी नाकारलेल्या सरकारला बाहेरच्या मान्यतेची गरज जास्त भासते, आणि ती मान्यता देणारा शेजारी मग तिथल्या राजकारणात पक्षकार होऊन बसतो. भारताच्या बाबतीत तसेच झाले.

वादाचे मूळ काळजीवाहू, म्हणजे निवडणुकीपुरत्या तटस्थ सरकारच्या प्रश्नात आहे. फेब्रुवारी १९९६ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकून शेख हसीना यांच्या अवामी लीगने तटस्थ सरकारच्या देखरेखीखाली मतदान घेण्याची मागणी रेटली. बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीच्या (बीएनपी) खालिदा झिया यांना नमते घ्यावे लागले व तेराव्या घटनादुरुस्तीने ही व्यवस्था आली. तिच्याखाली झालेल्या निवडणुकांत आधी सत्तेवर असलेला पक्ष दर वेळी हरला. व्यवस्था निर्दोष होती असे नाही. तिचा प्रमुख कोण असावा यावरून २००६ मध्ये रस्त्यावर रक्त सांडले, जानेवारी २००७ मध्ये आणीबाणी आली आणि लष्कराच्या पाठबळावरचे सरकार जवळपास दोन वर्षे चालले. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्या दोन निवडणुका जुन्या पद्धतीने घेता येतील, अशी मुभाही त्याच आदेशात होती. हसीना सरकारने मुभेकडे काणाडोळा केला आणि पंधराव्या दुरुस्तीने व्यवस्थाच मोडीत काढली. जिची मागणी त्यांनी स्वतः केली होती, तीच.

५ जानेवारी २०१४ च्या निवडणुकीवर बीएनपीने बहिष्कार टाकला. ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच झाले नाही, कारण उमेदवार बिनविरोध निवडून आले होते. त्याच्या महिनाभर आधी भारताच्या परराष्ट्र सचिव सुजाता सिंह ढाक्यात जाऊन जातीय पार्टी या पक्षाचे नेते व माजी लष्करशहा हुसेन मुहम्मद इर्शाद यांना भेटल्या. निवडणुकीतून माघार घेतली तर जमात-ए-इस्लामी या कट्टर धार्मिक पक्षाचे फावेल, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे इर्शाद यांनी पत्रकारांना सांगितले. पुढे त्यांना लष्करी रुग्णालयात ठेवण्यात आले आणि माघार जाहीर करूनही ते निवडून आले! बांगलादेशातल्या विरोधकांच्या मनात दिल्लीविषयीची अढी या भेटीपासून पक्की झाली. त्याच वर्षी भारतात सत्तांतर होऊनही ढाक्याविषयीचे धोरण बदलले नाही.

२०१८ मध्ये बीएनपी रिंगणात उतरली, पण तिच्या आघाडीच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा आल्या. मतपेट्या आदल्या रात्रीच भरल्याच्या आरोपामुळे तिथे ‘रातेर भोट’ (रात्रीचे मतदान) हा शब्दप्रयोग रूढ झाला. ७ जानेवारी २०२४ ला बीएनपीने पुन्हा बहिष्कार टाकला. लढत दिसावी म्हणून अवामी लीगच्याच लोकांना अपक्ष उभे राहण्याची मोकळीक मिळाली. अधिकृत मतदान सुमारे ४२ टक्के नोंदले गेले. भारत, चीन व रशियाने अभिनंदन केले; अमेरिका व ब्रिटनने निवडणूक मुक्त व निष्पक्ष नसल्याचे म्हटले. निवडणूक प्रक्रियेत आडकाठी आणणाऱ्यांना व्हिसा नाकारण्याचे धोरण अमेरिकेने मे २०२३ मध्येच जाहीर केले होते.

भारताची भूमिका अकारण नव्हती. बीएनपीच्या राजवटीत, एप्रिल २००४ मध्ये चितगावला दहा ट्रक भरून शस्त्रे पकडली गेली होती आणि ती आसामच्या उल्फा या बंडखोर संघटनेसाठी होती. हसीनांच्या काळात बंडखोर नेते भारताच्या ताब्यात आले, ईशान्येकडे जाणारे मार्ग खुले झाले आणि २०१५ मध्ये एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या सीमावर्ती वसाहतींची अदलाबदल होऊन जुना सीमाप्रश्न मिटला. हिशेब चुकला तो एका ठिकाणी: हे सारे एका पक्षाशी झालेले व्यवहार होते आणि तो पक्ष मतपेटीतून हटवण्याची वाट बंद होती. चीननेही दर वेळी विजेत्याचे अभिनंदन केले, तरी रोष त्याच्या वाट्याला फारसा आला नाही. त्याने विरोधकांशी बोलणे सोडले नव्हते.

२०२४ च्या सुरुवातीला भारतीय मालावर बहिष्काराची ‘इंडिया आउट’ मोहीम समाजमाध्यमांवर पसरली. मार्चमध्ये भारताने निर्यातबंदीतून सूट देऊन ५०,००० टन कांदा बांगलादेशाला मंजूर केला. नाशिक भागातल्या उत्पादकांसाठी ती बाजारपेठ महत्त्वाची आहे, पण ढाक्यातले वातावरण कांद्याने निवळण्यापलीकडे गेले होते. आरक्षणविरोधी विद्यार्थी आंदोलनाचे रूपांतर उठावात झाले आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी हसीना सत्ता सोडून भारतात आल्या. मुहम्मद युनूस यांच्या अंतरिम सरकारने त्यांना परत पाठवण्याची मागणी केली.

तणाव व्यापारात उतरला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी माल आपल्या भूमीवरून तिसऱ्या देशात नेण्याची सवलत काढून घेतली, तर बांगलादेशाने भारतीय सुताची भूमार्गाने होणारी आयात थांबवली. मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे केवळ न्हावाशेवा व कोलकाता या बंदरांतून आणण्याचे बंधन घातले. जो माल ट्रकने काही दिवसांत पोचत असे, त्याला समुद्राचा वळसा पडला.

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यातील आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरण या बांगलादेशाच्याच न्यायालयाने २०२४ चे आंदोलन चिरडल्याच्या खटल्यात हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. त्याच आठवड्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळजीवाहू सरकारची तरतूद पुनरुज्जीवित केली.