जन्मदाखल्याशिवाय पासपोर्ट मिळत नाही का?

जन्मदाखला नसेल तर पासपोर्टचा अर्ज भरण्यातही अर्थ नाही, ही समजूत गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत आजही ऐकू येते. तिला एकेकाळी आधार होता: 26 जानेवारी 1989 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्वी जन्मदाखला सक्तीचा होता. डिसेंबर 2016 मध्ये ही अट शिथिल झाली, पण बातमी सगळीकडे पोहोचली नसावी.

2025 मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार, 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. त्याआधी जन्मलेल्यांना त्याऐवजी जन्मतारीख असलेला शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र यांपैकी एक देता येते. जन्मदाखला अर्थातच सर्वांनाच चालतो. मात्र त्याने जन्मतारीख आणि जन्मस्थान सिद्ध होते, राहण्याचा पत्ता नव्हे. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

गोव्यातली खरी अडचण बहुधा नावाच्या स्पेलिंगची असते. पोर्तुगीज वळणाच्या जुन्या नोंदीत काकोडकर हे आडनाव ‘सी’ने सुरू होते, तर शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर तेच ‘के’ने लिहिलेले असते. जन्मदाखला खरा असूनही अशा तफावतीमुळे अर्ज अडकू शकतो, म्हणून भेटीची वेळ घेण्याआधी सर्व कागदांवरील अक्षरे जुळवून पाहावीत आणि जिथे चूक असेल त्या कार्यालयातून ती दुरुस्त करून घ्यावी.