तेहतीस पानांच्या पत्रानंतर : ऑटिझम आणि पालकांच्या लढ्याची पार्श्वभूमी

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावातून एका वकिलाने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पत्र धाडलं. टाइप केलेली ३३ पानं. विषय एकच, त्यांचा पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड. तो एकटा असला की खूश असतो, गोल वस्तू भिरभिर फिरवत बसतो, हाक मारली तर येत नाही, पण राष्ट्राध्यक्षांची नावं धडाधड सांगतो. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. आईवडिलांनी हट्टाने त्याला परत आणलं.

१९४३ मध्ये कॅनर यांनी ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, ओळख करून देणारा अकरा मुलांवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा पहिला क्रमांक डोनाल्डचा होता आणि त्याच्याबद्दलचा बराचसा मजकूर वडिलांच्या पत्रातून घेतलेला होता. त्या निबंधातलं पहिलं सविस्तर निरीक्षण अशा रीतीने एका बापाने केलेलं आहे. पालकांच्या चळवळीबद्दल बोलताना हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढची पंचवीस-तीस वर्षं नेमक्या याच माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं.

त्याची चाहूल मूळ निबंधातच लागते. ही मुलं जन्मतःच अशी असतात, असं कॅनर लिहितात खरं. पण पालकांनी ठेवलेल्या सविस्तर नोंदी आणि डायऱ्या त्यांना पालकांच्या पछाडलेल्या, काटेकोर स्वभावाचा पुरावा वाटल्या! लेकराचं काय बिनसलंय हे कुणीच सांगत नाही, म्हणून आई रोज रात्री वही घेऊन बसते आणि ती वहीच तिच्या विरोधात जाते. १९४९ पर्यंत कॅनर यांनी घरातल्या भावनिक गारठ्यासाठी बर्फ न वितळणाऱ्या फ्रीजची उपमा वापरली. त्यातून ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शिक्का तयार झाला. शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये तो आणखी खोल उमटवला. हे मूल नसतंच तर बरं, अशी आईवडिलांची सुप्त इच्छा आजाराच्या मुळाशी असते, असा त्यांचा दावा होता. स्वतः नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या या माणसाने या मुलांच्या अवस्थेची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. त्यात पहारेकऱ्याची जागा कुणाला मिळाली, हे वेगळं सांगायला नको. उपाय म्हणून मुलाला घरापासून तोडायचं आणि आईला मनोविश्लेषणाला बसवायचं. त्या काळातल्या कित्येक बायकांनी हे खरं मानलं आणि ते ओझं घेऊन त्या जगल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

(जाता जाता शब्दाबद्दल. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला होता, तो या मुलांना नंतर चिकटला. आपला ‘स्वमग्नता’ हा शब्दही तोच अर्थ पुढे नेतो, जणू मूल आपल्याच आनंदात बुडालंय. ज्या मुलाला आवाज, उजेड, स्पर्श सगळं एकदम अंगावर येतं, त्याच्या बाबतीत हा शब्द अपुरा पडतो.)

या आरोपाला पहिला भक्कम धक्का एका वडिलांनीच दिला. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या मुलाचा जन्म १९५६ चा. त्यांनी मिळेल ते संशोधन वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो याला कसलाही पुरावा नाही, त्याचं कारण मुलाच्या शरीरात शोधायला हवं. त्या पुस्तकाला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. शेवटी एक प्रश्नावली जोडलेली होती. देशभरातल्या पालकांनी ती भरून थेट रिमलँड यांनाच पाठवायला सुरुवात केली. आपल्यासारखे इतके जण आहेत, हे या टपालातून प्रथमच दिसलं.

१९६५ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या टीनेक इथे काही पालक जमले आणि अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या निवडून आलेल्या अध्यक्ष रूथ सलिव्हन. त्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलाच्या आई. १९६९ च्या अधिवेशनात कॅनर आले आणि मी तुम्हा पालकांना दोषमुक्त करतो, अशा आशयाचं बोलले. पुढे १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या (म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या) जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघांनाही ऑटिझम होता, भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही नाही. आनुवंशिकतेचा वाटा दिसला आणि जुन्या आरोपातली हवाच गेली.

ब्रिटनमध्ये पालक त्याआधीच, १९६२ मध्ये, एकत्र आले होते. त्यांच्यातल्या लोर्ना विंग मानसोपचारतज्ज्ञही होत्या आणि ऑटिस्टिक मुलीच्या आईही. १९७९ मध्ये त्यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्यासह लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. कॅनर यांच्या काटेकोर व्याख्येत बसणारी मुलं दर दहा हजारांत साधारण ५ निघाली, पण तशाच अडचणी असलेली सगळी मोजली तर सुमारे २०. म्हणजे व्याख्येबाहेर राहिलेल्यांना ना निदान, ना शाळा, ना मदत. आज आपण सहज ‘स्पेक्ट्रम’ म्हणतो, म्हणजे एकाच अवस्थेच्या अनेक छटांचा पट, तो विचार विंग यांनी रुजवला.

शाळेचा प्रश्न तर सर्वांत तातडीचा. १९७५ मध्ये अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. दहा लाख अपंग मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असं त्या कायद्यातच नमूद आहे. मुलाची शैक्षणिक योजना ठरवताना पालकांना सोबत घेणं शाळेवर बंधनकारक झालं. इतर अपंग मुलांच्या पालकांबरोबर सलिव्हन आणि त्यांचे सहकारीही यासाठी झटले होते. तरी कायद्यात ‘ऑटिझम’ असा स्वतंत्र प्रवर्ग यायला १९९० उजाडलं.

या इतिहासात पालकांच्या चुकाही आहेत आणि त्या झाकू नयेत. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांच्या, अवघ्या १२ मुलांवरच्या शोधनिबंधाने ऑटिझमसाठी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीवर संशय घेतला. पुढे त्यातली लबाडी उघड झाली आणि २०१० मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकाने तो मागे घेतला. तोवर अनेक पालक त्यामागे गेले होते, रिमलँडसुद्धा. दोष आईचाच, असं इतकं मोठं खोटं डॉक्टरांनी एकदा ठासून सांगितल्यावर पुढचं खरंही खोटं वाटू लागतं. हे समजण्यासारखं आहे, पण त्याची किंमत लस न मिळालेल्या मुलांनी मोजली.

दुसरा प्रश्न आतून आला. १९९३ मध्ये टोरंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी, स्वतः ऑटिस्टिक व्यक्ती म्हणून, पालकांना सांगितलं की तुमचं दुःख तुम्ही मनात धरलेल्या मुलासाठी आहे, समोरच्या मुलासाठी शोक करू नका. तेव्हापासून ‘आमच्या वतीने कोण बोलणार’ हा वाद सुरू आहे. मला दोन्ही बाजू कळतात. पण ज्याला बोलता किंवा लिहिता येतं, त्याचं आधी ऐकावं. जो बोलत नाही त्याच्यासाठी बोलणाऱ्या आईला मात्र गप्प करू नये.

आणि ‘आमच्या पश्चात काय?’ हा प्रश्न आहेच. तो प्रत्येक पालकसभेत कुणीतरी विचारतंच. सलिव्हन यांनी १९७९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात संस्था काढली, मुलं मोठी झाल्यावरही ती त्यांच्यासोबत राहावी म्हणून. डोनाल्डचं आयुष्य तसं नीट गेलं. त्याने गावातल्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. पण ती बँक त्याच्या आईच्या माहेरची होती, वडिलांनी पैशांची तजवीज करून ठेवली होती, आणि सगळं गाव त्याला ओळखत होतं.