शतपावली आणि स्नायूंचं मागचं दार

एकादशीला सकाळी दहाला भरपेट साबुदाण्याची खिचडी आणि साडेबाराला जांभयांवर जांभया. मग ‘उपासानं गळून गेल्यासारखं होतंय’ म्हणत राजगिऱ्याचा लाडू. आमच्या घरचा हा क्रम ठरलेला. उपासाला दोष देण्यात अर्थ नाही, तो घडलेलाच नसतो.

हिशोब करून पाहा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुकोज. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर साखर! एकटा मेंदू दिवसाला १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो, म्हणजे हा चमचा तासाभरात संपायला हवा. संपत नाही, कारण यकृत आपल्या साठ्यातून तो भरत राहतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. बशीभर खिचडीतून ५०-६० ग्रॅम ग्लुकोज या चमचाभर साखरेच्या रक्तात उतरू लागतं.

स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, साखर उतरते. कधी गरजेपेक्षा थोडी जास्तच उतरते आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. निरोगी माणसात ही घसरण सहसा किरकोळ असते. साखर ७० च्या खाली जाऊ लागली की मात्र ॲड्रेनलिन धावून येतं. घाबरल्यावर येतं तेच हे. म्हणून हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस उगाच खेकसतो. दुपारच्या पेंगेचं सगळं खापर साखरेवर फोडू नका. शरीराचं घड्याळही त्या वेळी मंदावतं.

आता माझा आवडता भाग. ग्लुकोजला स्नायूच्या पेशीत आपलं आपण शिरता येत नाही. त्यासाठी ‘ग्लूट-४’ नावाची प्रथिनं लागतात. गंमत अशी की ही दारं भिंतीत बसवलेली नसतात, पेशीच्या आत बारीक पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली असतात. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटलं की आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे निरोपांची साखळी सुरू होते: रिसेप्टरकडून पीआय-३ कायनेज, तिथून एकेटी, तिथून एएस-१६०. या एएस-१६० नं पिशव्या अडवून धरलेल्या असतात. एकेटी त्याला फॉस्फेट चिकटवून गप्प करतं. पिशव्या पेशीच्या पटलाकडे, म्हणजे भिंतीकडे, सरकतात, त्यात मिसळतात आणि दारं उघडतात. (नावं विसरलात तरी चालेल, पिशव्या विसरू नका.) टाइप-२ मधुमेहात बिघाड होतो तो मुख्यतः या साखळीत: इन्सुलिन दार ठोठावतं, आत निरोपच पोहोचत नाही.

पण स्नायूला मागचं दारही आहे. तो आकुंचन पावला की पेशीत कॅल्शियम वाढतं, ऊर्जा खर्ची पडते, एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि त्याच पिशव्या इन्सुलिनची वाट न पाहता पटलाकडे निघतात. इन्सुलिनचा निरोप अडलेल्या माणसातही ही वाट बऱ्यापैकी शाबूत असते. जेवणानंतर चालल्यावर साखरेचा चढ कमी होतो, तो बराचसा यामुळे. शतपावलीची शंभर पावलं म्हणजे फार तर ७० मीटर. त्यानं फारसं साधत नाही, दहा-पंधरा मिनिटं तरी चालायला हवं.

त्यात परवा व्हॉट्सॲपवर आलं: ‘गूळ नैसर्गिक, त्यानं शुगर वाढत नाही.’ गूळ हाही बहुतांश सुक्रोजच आहे. आतड्यातल्या एन्झाइमला तो ‘सेंद्रिय’ आहे की नाही हे कळत नाही. बाहूला साखर मोजणारा सेन्सर चिकटवून प्रत्येक केळ्यागणिक आलेख पाहणाऱ्या निरोगी मंडळींनाही एक सांगणं: जेवल्यावर साखर वाढणं हा आजार नाही. दोन तासांनी १४०च्या आत परतली की झालं.

एक सूचना मात्र गंभीर आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम खाली येऊ शकते. त्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. थरथर सुरू झाली की तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. इथे राजगिऱ्याचा लाडू उपयोगाचा नाही, त्याला पचायला वेळ लागतो.