अंगकोर वाट चोळांनी बांधलं?

कंबोडियातलं अंगकोर वाट दक्षिण भारतातल्या चोळ राजांनी बांधलं, असा मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो. ते खरं नाही. हे विष्णुमंदिर बाराव्या शतकात ख्मेर (म्हणजे तिथलाच, कंबोडियाचा) राजा दुसरा सूर्यवर्मन याने उभारलं. दगड तिथल्याच कुलेन डोंगराचा. दक्षिणेकडच्या भिंतीवर राजा स्वतः कोरलेला आहे: छत्र्यांच्या गर्दीत बसलेला, जवळ ख्मेर लेखात त्याचं मरणोत्तर नाव, 'परमविष्णुलोक'. पुढे फौजेत सयामी सैनिकही दिसतात, त्यांच्यावरही नावाची पाटी! चोळांची 1025 ची आरमारी स्वारी होती श्रीविजयावर, म्हणजे सुमात्रा बेटावरच्या राज्यावर, कंबोडियावर नव्हे. संस्कृत, विष्णू, रामायण हे भारतातून गेलं, पण व्यापारी आणि ब्राह्मणांबरोबर. ख्मेर राजांनी ते आपणहून उचललं. नाव संस्कृत म्हणून राजा भारतीय ठरत नाही.