कोटा, बिल आणि पब्लिक आयपी: थोडी पार्श्वभूमी

आयपीव्ही४चे पत्ते, म्हणजे इंटरनेटवर यंत्रे ओळखण्याचे जुन्या पद्धतीचे क्रमांक, सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. त्याच वर्षी एका दिवाळखोर दूरसंचार कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना विकले गेले, म्हणजे एका पत्त्याला ११.२५ डॉलर. पत्ता ही विकत घेण्याची वस्तू झाली, ती तेव्हा.

क्लाउडवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांच्या सेवेवर, हवा तेव्हा घ्यावा, नको तेव्हा सोडावा असा स्थिर पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा, न बदलणारा पत्ता) त्याआधीच, २००८ मध्ये आला होता. एका आघाडीच्या क्लाउडवर आजही रीजनमागे (सर्व्हर जिथे ठेवलेले असतात त्या प्रत्येक भौगोलिक विभागामागे) मूळ कोटा ५ पत्त्यांचा आहे. गोंधळ 'कोटा' या शब्दापासूनच होतो. कोटा वाढवून मिळाला म्हणजे पत्ते मिळाले असे नाही. किती घेता येतील, एवढीच ती मर्यादा. ५ चे ५० करून घेतले तरी बिल एका सेंटनेही वाढत नाही. मीटर सुरू होतो पत्ता खात्यात घेतल्यावर आणि थांबतो तो परत केल्यावर. सर्व्हरपासून नुसता वेगळा केला तर चालूच राहतो. 'डिसअसोसिएट' (वेगळा करणे) म्हणजे 'रिलीज' (परत करणे) नव्हे, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. वाढीव कोट्यात एखाद्या चाचणीने ४० पत्ते घेतले आणि कोणी परत केले नाहीत, तर ताशी ०.००५ डॉलरने ३० दिवसांचे १४४ डॉलर होतात.

वादाचा विषय ठरलेला निर्णय २०२४ चा. तोवर या क्लाउडवर चालू सर्व्हरला जोडलेला पहिला पत्ता फुकट असे. शुल्क लागे ते पडून असलेल्याला. पत्ता अडवून ठेवू नका, यासाठीचा तो दंड होता. १ फेब्रुवारी २०२४ पासून वापरातल्या पत्त्यालाही तोच दर लागला. पत्ते मिळवण्याचा खर्च ५ वर्षांत ३०० टक्क्यांहून अधिक वाढला, असे कारण दिले गेले. दुसऱ्या एका मोठ्या क्लाउडने २०२० मध्येच वापरातल्या पत्त्यांवर शुल्क लावले होते. टंचाई खरीच आहे. पण दंडाचे भाडे झाले आणि नीट वागणाराही त्यात आला, हे मला पटलेले नाही.

शिवाय कोटा आणि बिल यांची मोजणीच वेगळी आहे. सर्व्हर सुरू होताना आपोआप मिळणारा पब्लिक आयपी स्थिर पत्त्यांच्या कोट्यात धरला जात नाही. इंटरनेटकडे तोंड असलेल्या लोड बॅलन्सरने (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेने) स्वतःहून घेतलेले पत्तेही धरले जात नाहीत. बिलात मात्र दोन्ही येतात. म्हणून कोट्याच्या पानावर ३ पत्ते दिसत असताना बिलात १९ पत्त्यांचे तास लागलेले असू शकतात.