सोपे विषय घेऊन ‘ए’ मिळवावेत का?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं नववीत गेली की एक सल्ला हमखास मिळतो: अवघड एपी कोर्स (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) घेऊन ‘बी’ आणण्यापेक्षा साधे विषय घ्या, जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) 4.0 टिकवा. मोजक्याच मुलांना प्रवेश देणाऱ्या कॉलेजांच्या बाबतीत हा सल्ला मुलांचं नुकसान करतो.

गुणपत्रिकेसोबत शाळेची माहितीही कॉलेजकडे जाते. शाळेत कोणते एपी कोर्स शिकवतात हे त्यात असतं, आणि शाळेतला काउन्सेलर विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम किती कठीण होता हे वेगळं नोंदवतो. गणितात कॅल्क्युलस उपलब्ध असताना ते टाळलं, तर ते लपत नाही. उलट, शाळेत एपी मोजकेच असतील तर त्याचा दोष मुलावर येत नाही. तुलना शाळेत जे उपलब्ध आहे त्याच्याशीच होते.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा हिशोब बघा. साध्या कोर्समधल्या ‘ए’ला 4 गुण. एपीमधल्या ‘बी’ला 3 अधिक 1, म्हणजे तेवढेच 4! हा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरनाच मिळतो आणि ‘डी’ आला तर मिळतच नाही. त्यामुळे झेपणार नाहीत इतके एपी लादणंही चूकच. हार्वर्ड-स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी अवघड कोर्स आणि ‘ए’ दोन्ही असलेली मुलंही मोठ्या संख्येने नाकारली जातात, हे पालकांनी आधीच मुलांना सांगावं.

आणि बारावीत ढिलाई नको. प्रवेश मिळाल्यावरही अंतिम गुणपत्रिका मागवतात; ग्रेड फार घसरल्या तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो.